डेटनचे गाणारे गुरुजी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ओहायो नावाचे एक राज्य आहे, आणि त्या राज्यात डेटन हे मध्यम आकाराचे, कारखानदारीवर वाढलेले एक शहर आहे. विमानाचे जनक राइट बंधू याच गावचे. सायकलींचे दुकान सांभाळून त्यांनी उडणाऱ्या यंत्राचा ध्यास कसा घेतला, ही हकीकत आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाचनात आलेली असेलच. त्याच गावच्या दुसऱ्या एका गृहस्थाची ओळख आम्ही येथे करून देणार आहोत. त्यांचाही बराचसा उद्योग घराच्या गॅरेजात व तळघरात चालला, आणि तोही पोटापाण्याचा व्यवसाय सांभाळूनच. त्यांचे नाव रॉबर्ट पोलार्ड. व्यवसायाने ते प्राथमिक शाळेतील चौथीच्या वर्गाचे शिक्षक होते. आज मात्र ते दोन हजारांहून अधिक गाण्यांचे कर्ते म्हणून ओळखले जातात.

हे संगीत कोणते, हे प्रथम सांगितले पाहिजे. रॉक संगीतात साधारणतः एक गायक, एकदोन इलेक्ट्रिक गिटारी, खर्जातील स्वरांची बास गिटार आणि ड्रम असा चारपाच जणांचा मेळ असतो. अशा मेळाला तिकडे बँड म्हणतात. लग्नाच्या वरातीतील आपल्या बँडशी त्याचा नावापुरताच संबंध. या संगीताचा व्यापार बरीच वर्षे मोजक्या बड्या कंपन्यांच्या हाती होता. कोणाची गाणी मुद्रित करावयाची, ती कशी वाजवावयाची, नभोवाणीवर कोणती जावयाची, हे सारे त्या ठरवीत. या कंपन्यांच्या दारात उभे न राहता काही मंडळींनी स्वतःच्या किंवा लहान छापाच्या कंपन्यांकडून तबकड्या काढण्यास आरंभ केला. स्वतंत्र या अर्थाच्या ‘इंडिपेंडंट’ शब्दाचे बोलण्यातील लघुरूप ‘इंडी’. त्यावरून या शाखेला ‘इंडी रॉक’ हे नाव पडले. म्हणजे हे नाव मुळात एखाद्या रागाचे वा चालीचे नसून व्यवहाराचे आहे. परंतु पैसा थोडा, साधने साधी आणि विचारणारा वरिष्ठ कोणी नाही, अशा परिस्थितीत जे संगीत निपजले त्याला हळूहळू एक वळण लागले, आणि ते ऐकताक्षणी ओळखू येऊ लागले.

पोलार्ड यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी डेटन येथे झाला. मुलाने खेळाडू व्हावे अशी वडिलांची इच्छा, आणि मुलाच्या अंगी ते गुणही होते. राइट बंधूंचेच नाव धारण करणाऱ्या राइट स्टेट विद्यापीठाकडून ते बेसबॉल खेळले. त्या खेळात चेंडू टाकणाऱ्याने संपूर्ण सामन्यात प्रतिपक्षाला एकही यशस्वी टोला मारू दिला नाही, तर तो मोठा पराक्रम मानतात. पोलार्ड यांनी विद्यापीठाच्या संघाकडून तो करून दाखविला. परंतु त्यांचे मन दुसरीकडेच गुंतले होते. कुमारवयापासून त्यांना एक छंद होता. अस्तित्वातच नसलेल्या बँडांची नावे शोधून काढावयाची, त्यांच्या अस्तित्वात नसलेल्या तबकड्यांना शीर्षके द्यावयाची, आतील गाण्यांच्या याद्या करावयाच्या आणि वेष्टनांवरची चित्रेही तयार करावयाची! गाणे एकही नाही, पण तबकड्यांचा संग्रह मात्र वाढत चालला आहे, अशी ती गंमत. पुढील सारे आयुष्य त्यांनी या काल्पनिक संग्रहातील रिकाम्या जागा भरण्यातच वेचले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पदवीनंतर ते शिक्षक झाले व सुमारे चौदा वर्षे त्यांनी ती नोकरी केली. कवी केशवसुत हेही पेशाने शिक्षकच होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. वर्गात दिवस काढून संध्याकाळी स्वतःच्या कामाला बसणारी माणसे दोन्ही गोलार्धांत सापडतात. १९८३ च्या सुमारास पोलार्ड यांनी गावातील मित्रांना जमवून ‘गायडेड बाय व्हॉइसेस’ हा बँड उभा केला. ‘आवाजांच्या सांगण्याप्रमाणे चालणारे’, असा या नावाचा अर्थ होतो. मंडळी सगळी गावातलीच. धाकटे बंधू जिम पोलार्डही त्यांत होते. १९८६ साली त्यांनी एक लहान तबकडी काढली आणि १९८७ साली दोन मोठ्या. या तबकड्या कोणा कंपनीने काढल्या नव्हत्या. कर्ज काढून, पदरमोड करून, थोड्या प्रती छापून घ्यावयाच्या, ओळखीपाळखीच्यांना द्यावयाच्या आणि उरलेल्या घरात रचून ठेवावयाच्या, असा हा प्रकार होता. जाहीर कार्यक्रम करणेही त्यांनी जवळजवळ सोडूनच दिले होते. गावात कोणी विचारीत नव्हते आणि गावाबाहेर कोणास ठाऊकच नव्हते. संसारी माणसाने, पदरी दोन मुले असताना, मास्तरकीच्या पगारातून हे खेळ किती वर्षे करावे, असा प्रश्न आप्तेष्टांनी केला असल्यास त्यात त्यांचे काही चुकले असे आम्हांस वाटत नाही.

या काळात त्यांचे मुख्य साधन होते ते चार मार्गांचे कॅसेट मुद्रणयंत्र. त्याची रचना थोडी समजून घेण्यासारखी आहे, कारण त्यावाचून या गाण्यांचे रूप समजत नाही. कॅसेटमधील चुंबकीय फीत सुमारे चार मिलिमीटर रुंद असते. नेहमीच्या कॅसेटमध्ये या रुंदीत चार समांतर मार्ग असतात: दोन एका बाजूसाठी, डाव्या व उजव्या कानासाठी एकेक, आणि कॅसेट उलटली म्हणजे दुसऱ्या बाजूसाठी उरलेले दोन. १९७९ साली टॅस्कॅम या जपानी कंपनीने असे एक सुटसुटीत यंत्र बाजारात आणले की, जे हे चारही मार्ग एकाच दिशेने व निरनिराळे वापरते. पहिल्या मार्गावर ड्रम मुद्रित करावा. मग तो ऐकत ऐकत दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर बास आणि चौथ्यावर गळा. एकटा मनुष्यदेखील अशा रीतीने चार जणांचे काम करू शकतो. चारांहून अधिक वाद्ये हवी असली तर त्यावरही युक्ती आहे. तीन मार्गांवरील मुद्रण एकत्र करून ते चौथ्यावर उतरवून घ्यावयाचे, की पहिले तीन पुन्हा मोकळे. मात्र प्रत्येक उतरवणीबरोबर फितीची मूळची सरसर वाढत जाते, स्वर थोडे मळतात, आणि एकदा मिसळलेले स्वर पुन्हा वेगळे करता येत नाहीत.

मोठ्या मुद्रणशाळेत चोवीस मार्ग, काचेच्या भिंती आणि तासाचे भाडे असे. येथे तळघर, सिमेंटची जमीन आणि शेजारच्यांची झोप सांभाळणे. त्यामुळे पोलार्ड यांच्या त्या काळच्या गाण्यांत सरसर ऐकू येते, गळा कधी दुरून आल्यासारखा वाटतो, एखादे वाद्य मध्येच बुडते आणि गाणे अकस्मात संपते. ऐकणाऱ्याला प्रथम वाटते की तबकडीच बिघडली आहे. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या वेळेस त्या धुरळ्यातून चाल वर येऊ लागते, आणि ती अशी येते की दिवसभर जिभेवर घोळत राहते. चालीचे लेणे पोलार्ड यांस जन्मजातच मिळालेले दिसते. एखाद्याने ज्या चालीवर चार मिनिटांचे गाणे रचून तीन वेळा ध्रुपद घोळविले असते, तिला ते दीड मिनिटात मोकळे करतात. चाल सांगून झाली, आता उगाच कशाला लांबवा, असा त्यांचा खाक्या. आपल्या संगीताची घडण चार ‘प’कारांनी झाली आहे, असे ते सांगतात: पॉप, पंक, प्रॉग आणि सायकेडेलिक. चौथ्या शब्दाचा उच्चार आपल्याकडे ‘स’ ने होत असला तरी इंग्रजी लिपीत त्याचेही आद्याक्षर ‘प’ च आहे. त्यातील पॉपचा गोडवा आणि पंकचा आखूडपणा आम्हांस अधिक जाणवतो.

१९९२ सालची ‘प्रोपेलर’ ही तबकडी शेवटची समजूनच काढली गेली. पैसा संपला होता आणि उमेदही संपत आली होती. प्रती काढल्या फक्त पाचशे. वेष्टने छापून घेण्यास पैसे नव्हते, म्हणून बँडमधील मंडळी व मित्र बसले, आणि चित्रे चिकटवून, रंग फासून, हाताने लिहून त्यांनी पाचशे निरनिराळी वेष्टने तयार केली. एकासारखे दुसरे नाही. या तबकडीच्या आरंभी मोठा जमाव बँडच्या नावाची तीन आद्याक्षरे घेऊन जयघोष करीत असल्याचे ऐकू येते. हा जमाव खोटा होता! मंडळींनी आपल्या आपणच तो आवाज रचला होता. कार्यक्रमाला कोणी येत नाही, तर निदान तबकडीवर तरी जमाव असावा, असा हा विनोद, आणि त्यात थोडे दुःखही मिसळलेले आहेच. पुढे काही वर्षांनी खरोखरीचे श्रोते कार्यक्रमाच्या आधी नेमका तोच घोष करू लागले. आणि हाताने केलेल्या त्या वेष्टनांच्या प्रतींसाठी संग्राहक आज हजारो डॉलर मोजतात.

ही शेवटची म्हणून काढलेली तबकडीच सुरुवात ठरली. तिच्या प्रती हातोहाती फिरून जाणत्या लोकांपर्यंत पोचल्या. क्लीव्हलंड येथील ‘स्कॅट’ या लहानशा कंपनीने बँडला हात दिला. १९९३ साली मंडळी न्यूयॉर्कच्या ‘सीबीजीबी’ या प्रसिद्ध रंगमंचावर उभी राहिली; कित्येक वर्षांत जाहीर कार्यक्रम न केलेल्या या प्रौढ वयाच्या गावकऱ्यांना पाहून राजधानीसारख्या त्या नगरीतील रसिक चकित झाले. १९९४ साली ‘बी थाउजंड’ निघाली. सुमारे छत्तीस मिनिटांत वीस गाणी! ‘आय अ‍ॅम अ सायंटिस्ट’ हे त्यांचे बहुधा सर्वांत लोकप्रिय गीत याच तबकडीत आहे. दुसऱ्या एका गाण्याच्या शीर्षकात तर ‘गोल्ड स्टार’ आहे. अमेरिकेतील गुरुजी चांगल्या विद्यार्थ्याच्या वहीवर सोनेरी चांदणी चिकटवितात, तीच ही. निर्मात्याचा पेशा असा कोठून तरी डोकावतोच. याच वर्षी छत्तीस वर्षांच्या पोलार्ड यांनी शाळेची नोकरी सोडली. ज्या वयात रॉकमधील पुष्कळ मंडळी निवृत्तीच्या गोष्टी बोलू लागतात, त्या वयात या गृहस्थांचा व्यवसाय सुरू झाला.

१९९५ साली ‘मॅटाडोर’ या कंपनीतर्फे ‘एलियन लेन्स’ आली: अठ्ठावीस गाणी, एकेचाळीस मिनिटे. तीही घरच्याच यंत्रावर, टेपच्या किमतीपलीकडे फारसा खर्च न करता केलेली. या काळातील दुसरा महत्त्वाचा पुरुष टोबिन स्प्राउट. पोलार्ड यांच्या खडबडीत जोमाला त्यांच्या हळुवार चालींनी समतोल येई, आणि मुद्रणाचे कामही बरेचसे त्यांच्याच हातचे. ते उत्तम चित्रकारही आहेत. १९९६ नंतर घरसंसार व चित्रकला यांसाठी ते बाजूस झाले आणि तो पहिला संच मोडला.

यापुढील आठ वर्षे पोलार्ड यांनी वेळोवेळी नवे साथीदार घेऊन बँड चालू ठेवला. त्यांतील गिटारवादक डग गिलार्ड हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९९९ च्या ‘डू द कोलॅप्स’ साठी ‘द कार्स’ या नामांकित बँडचे रिक ओकासेक यांना निर्माते म्हणून बोलावले. उत्तम मुद्रणशाळा, स्वच्छ आवाज, नभोवाणीवर वाजतील अशी गाणी, असा सारा थाट केला. तरीही मोठ्या बाजाराने त्यांना जवळ केले नाही. आम्हांस विचाराल तर ही तबकडी त्यांच्या अंगाला नीट बसलेली नाही. घाईने इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखी ती वाटते. तिच्यामागून २००१ साली आलेली ‘आयसोलेशन ड्रिल्स’ मात्र स्वच्छ मुद्रणातही या चाली किती भरदार होऊ शकतात ते दाखविते. ३१ डिसेंबर २००४ च्या रात्री शिकागो येथे बँडचा समारोपाचा कार्यक्रम झाला. साठांहून अधिक गाणी म्हटली गेली. रंगमंचावर बीअर पिण्याची या मंडळींची खोड प्रसिद्ध आहे, आणि ती आमच्या वाचकांनी उचलण्याजोगी मुळीच नाही.

एका बँडवर या माणसाचे भागले असते तर हा लेख येथेच संपता. पण गाणी इतक्या वेगाने येत की एका नावाखाली ती मावत नसत. १९९६ पासून पोलार्ड यांनी स्वतःच्या नावानेही तबकड्या काढण्यास सुरुवात केली. २००१ ते २०१७ या काळात ‘सर्कस डेव्हिल्स’ नावाचा दुसरा मेळ चालला. त्यात टॉड व टिम टोबायस हे बंधू होते. टॉड यांनी वाद्यसंगीत आधी तयार करावयाचे, मग पोलार्ड यांनी त्यावर शब्द व गळा चढवावयाचा, अशी तेथील पद्धत. स्प्राउट यांच्याबरोबर ‘एअरपोर्ट ५’ या नावाने केलेले कामही अशाच जातीचे. साथीदार एका गावी, गायक दुसऱ्या गावी आणि मध्ये टपालखाते! २००८ ते २०११ या चार वर्षांत ‘बॉस्टन स्पेसशिप्स’ हा तिसरा मेळ उभा राहिला. त्यात क्रिस स्लुसारेंको व ‘द डिसेम्बरिस्ट्स’ या बँडचे ड्रमवादक जॉन मोएन होते. येथे क्रम उलटा. पोलार्ड यांनी गिटारीवर कच्ची चाल म्हणून पाठवावयाची, आणि इतरांनी तिला हातपाय फोडावयाचे. या मेळाने चार वर्षांत पाच तबकड्या काढल्या.

आमच्या मते या सर्व विपुलतेचे खरे इंगित या कामाच्या वाटणीत आहे. चाल व शब्द सुचणे हा पोलार्ड यांच्या दृष्टीने सर्वांत सोपा व आनंदाचा भाग. सकाळी बसावे आणि हातून गाणे उतरावे, इतके ते सोपे. वाद्ये बसविणे, मुद्रण करणे, आवाजांचा मेळ घालणे ही वेळखाऊ कामे ते विश्वासू माणसांवर सोपवितात आणि आपण पुढच्या गाण्याकडे वळतात. केलेल्या कामावर पुन:पुन्हा रंधा मारीत बसणे त्यांच्या स्वभावात नाही. वेष्टनांची चित्रे मात्र ते कोणावर सोपवीत नाहीत. जुन्या मासिकांतील चित्रे कापून, जोडून, चिकटवून केलेली ती चिकटचित्रे बहुधा त्यांचीच असतात, आणि त्या कलेची त्यांनी प्रदर्शनेही भरविली आहेत.

साठवणीच्या जुन्या टेप ते एका सूटकेसमध्ये ठेवीत. २००० साली त्या पेटीतील शंभर गाण्यांचा एक संच ‘सूटकेस’ याच नावाने प्रसिद्ध झाला, आणि त्यातील गाणी कल्पित बँडांच्या नावावर घातली होती! शाळकरी वयातील तो खेळ येथे पुन्हा वर आला. पुढे असे आणखी तीन संच निघाले. म्हणजे टाकाऊ समजून बाजूस ठेवलेलीच चारशे गाणी झाली.

एवढे सारे उत्तमच असते काय? नसते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पुष्कळ गाणी अर्धवट वाटतात, कित्येकांचे शब्द स्वप्नातील बडबडीसारखे असून त्यांचा अन्वय लागत नाही, आणि काही तबकड्यांत चांगल्या दोनतीन चालींसाठी बाकीचे सोसावे लागते. आपल्याकडे बाबुराव अर्णाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे चाहतेही प्रत्येक पुस्तकाला सारखेच गुण देणार नाहीत. टीकाकार पोलार्ड यांना सांगत आले आहेत की, दहांतील नऊ गाणी टाकून द्या, म्हणजे तुमची थोरवी सर्वांना दिसेल. या सल्ल्यात तथ्य आहे. परंतु तो त्यांनी १९९० साली ऐकून हात आवरला असता, तर ‘बी थाउजंड’ ही झाली नसती. कारण तिच्यातील काही गाणी अशा जुन्या, बाजूस टाकलेल्या टेपांतूनच वर आलेली आहेत.

२०१० साली जुना संच पुन्हा एकत्र आला. २०१२ या एकाच वर्षी तीन तबकड्या आणि २०१४ पर्यंत एकूण सहा काढून तो पुन्हा मोडला. २०१६ साली पोलार्ड यांनी त्याच नावाने ‘प्लीज बी ऑनेस्ट’ ही तबकडी काढली, तीत सर्व वाद्ये त्यांनी एकट्यानेच वाजविली होती. तिच्यानंतर गिलार्ड परत आले, बॉबी बेअर ज्युनियर, केव्हिन मार्च व मार्क शू ही मंडळी मिळाली आणि बँडला स्थैर्य लाभले. २०१७ ची ‘ऑगस्ट बाय केक’ ही बत्तीस गाण्यांची जोडतबकडी, पोलार्ड यांचा सहभाग असलेली शंभरावी म्हणून गणली गेली. २०१९ साली तीन, २०२० साली पुन्हा तीन. त्या वर्षी साथीच्या रोगाने जग घरात कोंडले असताना साथीदारांनी आपापल्या ठिकाणी आपापला भाग मुद्रित करून ‘स्टाइल्स वुई पेड फॉर’ पुरी केली. टपालाने गाणी करण्याची सवय अशी कामास आली. २०२३ साली आणखी तीन, २०२४ साली ‘स्ट्रट ऑफ किंग्ज’. एवढ्या एका बँडच्याच तबकड्या त्या वेळेपर्यंत चाळिसांच्या वर गेल्या होत्या. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘युनिव्हर्स रूम’ आली, तेव्हा पोलार्ड सदुसष्ट वर्षांचे होते.

कोणास ही गाणी ऐकण्याची इच्छा झाल्यास आमची सूचना अशी. आरंभ ‘बी थाउजंड’ ने करावा, परंतु तिची सरसर सोसवली नाही तर प्रथम ‘आयसोलेशन ड्रिल्स’ ऐकून मग तिच्याकडे यावे. शब्दांचा अर्थ लावण्याच्या खटपटीत आरंभी पडू नये. गाणे आवडेपर्यंत ते संपलेले असेल. तेव्हा फीत मागे घेऊन तेच पुन्हा लावावे.